कोबा घट्ट झाला, पण वाळला का?

या वेळच्या टपालातली बरीचशी पत्रं एकाच विषयावरची निघाली. नवं घर, जमिनीत गरम पाण्याच्या नळ्या, त्यांच्यावर नुकताच ओतलेला कोबा (साइटवर त्याला स्क्रीड म्हणतात) आणि हीटिंग लावून तो लवकर वाळवण्याची घाई. एकाच अर्थाचे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत.

प्रश्न : नळ्यांवर ६५ मिलिमीटर जाडीचा सिमेंटचा कोबा टाकून दहा दिवस झाले. वरून पांढरा पडला आहे, त्यावर चालताही येतं. ठेकेदार म्हणतो, हीटिंग पूर्ण वाढवा, आठवड्याभरात लाकडी फरशी बसवून टाकू. तसं करावं का?

करू नका. कोबा ‘घट्ट होणं’ आणि कोबा ‘वाळणं’ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि बोलताना दोन्हींना आपण ‘वाळला’ असंच म्हणतो. सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. पाणी उडून गेल्यामुळे सिमेंट घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते म्हणून ते घट्ट होतं. म्हणजे पहिल्या दिवसांत कोब्यातलं पाणी तुमच्या बाजूचं असतं, त्याला हुसकावून लावायचं नसतं. दहाव्या दिवशी खालून उष्णता दिलीत तर क्रिया अर्धवट असतानाच पाणी निघून जाईल. वरचा थर ठिसूळ होईल, कोबा आक्रसेल आणि तडे जातील.

सिमेंटच्या कोब्यासाठी युरोपीय मानक ईएन १२६४ च्या चौथ्या भागात किमान २१ दिवस थांबायला सांगितलं आहे. कॅल्शियम सल्फेटच्या, म्हणजे अनहायड्राइटच्या ओतीव कोब्यासाठी ही मुदत किमान ७ दिवस आहे. लवकर घट्ट करणारं रसायन घातलं असेल तर ते बनवणाऱ्या कंपनीच्या कागदावर जे लिहिलं असेल ते खरं, ठेकेदाराच्या आठवणीत असेल ते नव्हे. सिमेंटच्या कोब्याचा पहिला आठवडा दारं-खिडक्या लावून, वाऱ्याचा झोत येऊ न देता काढायचा.

एकविसाव्या दिवसानंतर काय करायचं, ते सांगतो. नळ्यांत जाणारं पाणी आधी २५ अंशांवर ठेवा आणि तीन दिवस तिथेच राहू द्या. मग आराखड्यात दिलेल्या कमाल तापमानापर्यंत न्या आणि चार दिवस ठेवा. ही सात दिवसांची फेरी म्हणजे यंत्रणेची चाचणी असते. नळ्या, सांधे आणि कोबा उष्णता सोसतात की नाही, एवढंच तिच्यातून कळतं. या चाचणीने कोबा वाळत नाही. ‘हीटिंग करून झालं’ असं म्हणत याच टप्प्यावर फरशी बसवली जाते आणि सहा महिन्यांनी ती फुगते.

वाळवण्याची फेरी याच्यानंतर सुरू होते. दिवसाला जास्तीत जास्त १० अंश वाढवत २५, ३५, ४५ असं चढायचं. यंत्रणा पेलत असेल तर ५५ पर्यंत जाता येतं, पण त्याच्या वर नाही. मग वरच्या तापमानाला रात्रंदिवस थांबायचं. रात्री कमी, सकाळी जास्त असा खेळ करायचा नाही, कारण प्रत्येक चढउताराबरोबर कोबा ताणला आणि आवळला जातो. ओलीचं मोजमाप (ते कसं करायचं ते पुढे सांगतो) ठीक आलं की त्याच पायऱ्यांनी खाली उतरायचं. ६५ मिलिमीटरला वरच्या तापमानाला साधारण दोन ते तीन आठवडे धरून चला. जाडी वाढली की वेळ तिच्या प्रमाणात वाढत नाही, ढोबळमानाने वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५० ऐवजी ७० मिलिमीटर झाला तर दीडपट नव्हे, जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. म्हणून घरातली सर्वांत जाड जागा कुठे आहे ते आधीच विचारून ठेवा. हिशोब तिच्यावर करायचा.

एक साधी चूक इथे हमखास होते. खोल्यांचे थर्मोस्टॅट चालूच राहतात. खोली २२ अंशांवर गेली की थर्मोस्टॅट त्या खोलीची नळी बंद करतो. बॉयलर ५५ दाखवत असतो आणि कोब्याला मात्र काहीच मिळत नाही. मॅनिफोल्डवरची (सगळ्या खोल्यांच्या नळ्या जिथून फुटतात त्या जोडावरची) विजेवर चालणारी टोपणं काढून ठेवा, म्हणजे सगळ्या नळ्या उघड्या राहतील. परतीच्या नळ्यांना हात लावून पाहा. एखादी गारच असेल तर तिच्यात हवा अडकली असणार. ती नळी एकटी उघडी ठेवून, बाकीच्या बंद करून हवा काढा. आणि रोजचं तापमान तारखेसह वहीत लिहा. जाणारं पाणी, परतीचं पाणी, बाहेरची हवा, खिडक्या कधी उघडल्या हे सगळं नोंदवा. पुढे वाद झाला तर ही वहीच उपयोगी पडते.

प्रश्न : तीन आठवडे हीटिंग चालू आहे, काचांवरून पाणी ओघळतं, भिंतींच्या कोपऱ्यांत काळे ठिपके आलेत, पण कोबा काही वाळत नाही. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या बंद ठेवल्यात.

मग पाणी जाणार कुठे? कोब्यातून निघालेलं पाणी घरातच फिरतंय. आधी ते किती आहे ते पाहू.

६५ मिलिमीटर जाडीच्या एका चौरस मीटर कोब्यात मिसळताना साधारण बारा लिटर पाणी पडतं. त्यातलं पाचेक लिटर सिमेंट कायमचं बांधून घेतं. दोन-सव्वादोन लिटर कोबा ‘वाळला’ म्हटल्यावरही आत राहतं. उरलेलं साडेचार लिटर बाहेर जायला हवं. शंभर चौरस मीटरच्या मजल्याचं झालं साडेचारशे लिटर. ताज्या गिलाव्यातलं पाणी यात धरलेलंच नाही.

आता हवा किती पाणी नेऊ शकते ते पाहा. २० अंशांची पूर्ण भरलेली हवा घनमीटरला सुमारे १७ ग्रॅम बाष्प धरते, ५ अंशांची फक्त पावणेसात. समजा, बाहेर ५ अंश आणि ८० टक्के दमटपणा आहे, म्हणजे सुमारे साडेपाच ग्रॅम. आत २० अंश आणि ७० टक्के आहे, म्हणजे बारा ग्रॅम. घरातली सगळी हवा एकदा बदलली की प्रत्येक घनमीटरमागे साडेसहा ग्रॅम बाहेर गेलं. अडीचशे घनमीटरच्या घरात एका वेळी जेमतेम दीड-पावणेदोन लिटर. साडेचारशे लिटरसाठी अशी हवा अडीचशेहून जास्त वेळा बदलावी लागेल! दिवसातून तीनदा बदललीत तर तीन महिने लागतील.

म्हणून दर दीड-दोन तासांनी समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडा आणि पाच ते दहा मिनिटांत पुन्हा बंद करा. खिडकी दिवसभर किलकिली ठेवू नका. तिच्यातून हवा कमी बदलते, चौकटीजवळची भिंत मात्र गार पडते, आणि तुमचे काळे ठिपके नेमके तिथेच येतात.

घरात सतत कोणी नसेल, किंवा बाहेरची हवाच दमट असेल, तर हे गणित उलटतं. बाहेर २६ अंश आणि ८० टक्के असेल तर त्या हवेत घनमीटरला एकोणीस-वीस ग्रॅम बाष्प आधीच भरलेलं असतं. आत २८ अंश आणि ७५ टक्के असेल तर जेमतेम एक ग्रॅमचा फरक पडतो. तेव्हा खिडक्या घट्ट बंद करून डीह्युमिडिफायर लावा. त्याच्यावर ‘दिवसाला ५० लिटर’ लिहिलेलं असतं ते बहुतेकदा ३० अंश आणि ८० टक्के दमटपणाला. २० अंश आणि ६० टक्क्यांना तो त्याच्या निम्मंही काढत नाही. टाकी भरली की यंत्र बंद पडतं, म्हणून नळी लावून पाणी थेट मोरीत सोडा. आणि खिडकी उघडी ठेवून डीह्युमिडिफायर कधीच चालवू नका. नाहीतर तो बाहेरची हवा वाळवत बसतो.

माळ्याकडे जाण्याचं झाकण मात्र या काळात घट्ट बंद हवं. गरम दमट हवा वर जाऊन थंड छपराच्या लाकडावर पाणी होऊन बसते, आणि ते महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. छपराचा बाष्परोधक पडदा आणि त्याचे सांधे कोबा ओतायच्या आधीच पुरे झालेले असावेत. लाकडी दारं, जिने, कपाटं मात्र नंतरच आणा.

प्रश्न : गॅसवर चालणारा गरम हवेचा भोंगा भाड्याने मिळतो. त्याने लवकर होईल का?

उघड्या ज्योतीचा असेल तर नको. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं आणि ते तुमच्याच खोलीत येतं. शिवाय त्यातला कार्बन डायऑक्साइड ताज्या सिमेंटचा पृष्ठभाग भुसभुशीत करतो, त्याची धूळ सुटते. बंद घरात कार्बन मोनॉक्साइडचा धोका तर जिवावरचाच. धूर बाहेर सोडणारं किंवा विजेवरचं यंत्र असेल तर हरकत नाही, पण झोत कोब्यावर धरू नका.

प्रश्न : आमचा हीट पंप (हवेतून किंवा जमिनीतून उष्णता ओढून घर तापवणारं यंत्र) वाळवण्याच्या कार्यक्रमात मध्येच बंद पडतो. विजेचं बिलही फार येतंय. पंपाला इतका ताण द्यावा का?

एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६८ युनिट उष्णता लागते. साडेचारशे लिटरला तीनशेच्या आसपास युनिट, आणि हवा बदलताना बाहेर जाणारी उष्णता धरली तर साधारण तेवढीच आणखी. इन्सुलेशन अपुरं असलेल्या घराची रोजची गळती वेगळी. पंप मात्र पूर्ण झालेल्या, कोरड्या घराच्या गरजेवर निवडलेला असतो. म्हणून तो थकतो.

जमिनीतून उष्णता घेणाऱ्या पंपाच्या बाबतीत जास्त सावध राहा. त्याची बोअर वर्षाच्या नेहमीच्या वापरावर आखलेली असते. पहिल्याच हिवाळ्यात तिच्यातून महिनाभर जास्तीची उष्णता ओढली तर भोवतालची जमीन फार थंड होते आणि सुरक्षा स्विच पंप बंद करतो. तुमचा पंप या प्रकारचा असेल तर बंद पडण्याचं कारण बहुधा हेच असावं. अशा वेळी वेगळा फिरता विद्युत हीटर मॅनिफोल्डच्या दोन नळ्यांना जोडून वाळवण्याचं काम त्याच्याकडून करून घ्यावं. ९ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या हीटरला थ्री-फेज जोडणी लागते, ती आधी तपासा. बिल पंपापेक्षा जास्त येईल, पण बोअर वाचेल.

हवेतून उष्णता घेणारा पंप थंडीत ५५ अंश देऊ शकत नसेल तर ३५-४० वरच चालवा. कोबा वाळेलच, फक्त दिवस जास्त लागतील. आणखी एक, वीज गेल्यानंतर तो तयार कार्यक्रम जिथे थांबला तिथून सुरू होतो की पहिल्या दिवसापासून, ते माहितीपुस्तकात पाहून ठेवा. काही यंत्रं गुपचूप नेहमीच्या हीटिंगवर येतात आणि आठ दिवस कोणाच्या लक्षातच येत नाही.

प्रश्न : कोब्याचे कोपरे चार-पाच मिलिमीटर वर उचलले गेलेत, आणि दारात एक बारीक तडा गेलाय. घासून सपाट करू का?

थांबा, इतक्यात घासू नका. वरचा भाग आधी वाळून आक्रसतो, खालचा ओला तसाच राहतो, म्हणून कोबा वाळलेल्या पानासारखा कडेने वर वळतो. पहिल्या आठवड्यात वारा लागला, मिश्रणात पाणी जास्त झालं किंवा हीटिंग लवकर लावलं की हे जास्त होतं. खालचा भाग वाळत आला की कोपरे बऱ्याच अंशी परत खाली बसतात. आता घासलेत तर नंतर तिथे खड्डा पडेल. टाइलही या अवस्थेत बसवल्या तर काही महिन्यांनी भिंतीलगतच्या स्कर्टिंगखाली फट उघडते. आधी पुरतं वाळू द्या, मग सरळ पट्टी फिरवून पाहा.

दारातल्या तड्याबद्दल आधी हे तपासा : तिथे मुळात सांधा असायला हवा होता का? हवा होता, बहुतेक वेळा. सिमेंटचा कोबा दर मीटरला दर अंशाला सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढतो. आठ मीटर लांबी आणि ३० अंशांचा फरक धरला तर जवळजवळ ३ मिलिमीटर. ही वाढ कुठेतरी सामावायला हवी. दगड किंवा सिरॅमिक टाइल बसणार असेल तर एक सलग तुकडा ४० चौरस मीटरच्या आत आणि आठ मीटरपेक्षा लांब नको. दारांत सांधा आणि भिंतीलगत किमान ५ मिलिमीटर दबू शकणारी फोमची पट्टी हवी. ती पट्टी फाटून सिमेंट भिंतीला चिकटलं असेल तर कोबा तिथे अडकतो आणि भलतीकडेच तडकतो. भिंतीकडेने चाकू फिरवून पाहिलंत तर अडकलेली जागा कळते.

दारातला तडा सांध्याच्याच जागी असेल तर तो चिकटवू नका. तिथे कापून नीट सांधा करा आणि वरच्या टाइलमध्येही तो तसाच वर आणा. दुसऱ्या ठिकाणचा तडा कोबा वाळल्यावर बंद करायचा. तड्याला आडवे छेद वीस-पंचवीस सेंटिमीटरवर घ्यायचे, त्यांत स्टीलच्या नागमोडी पट्ट्या टाकायच्या, रेझिन ओतायचं आणि ओलं असतानाच वर कोरडी वाळू पेरायची, म्हणजे पुढचा गोंद धरतो. छेदांची खोली नळीपर्यंत जाऊ देऊ नका. नळ्या कुठे आहेत ते माहीत नसेल तर गार असलेलं हीटिंग सुरू करून थोड्या वेळाने थर्मल कॅमेऱ्याने पाहा, रेषा उठून दिसतात. कॅमेरा नसेल तर कोब्यावर हलकं पाणी शिंपडा. नळीवरची रेघ आधी वाळते.

प्रश्न : दोन काट्यांच्या मीटरने ‘कोरडं’ दाखवलं. आता लाकडी फरशी बसवू का?

त्या एका आकड्यावर नको. तो मीटर वरच्या काही मिलिमीटरमधून वीज किती वाहते ते दाखवतो. मिश्रणातले क्षार, धातूचे तंतू, जाळी यांनी आकडा बदलतो, आणि खाली काय आहे ते त्याला दिसत नाही. घरातली सर्वांत ओली जागा शोधायला तो चांगला, निर्णय द्यायला नाही. प्लास्टिकचा ५० सेंटिमीटरचा चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवून हीटिंग चालू ठेवून एक दिवस ठेवला आणि आतून दव आलं, तर नक्की ओलं आहे. पण दव आलं नाही म्हणून वाळलं असं ठरत नाही.

निर्णय कार्बाइड बाटलीच्या परीक्षेवर घ्या. सर्वांत जाड आणि शंकास्पद जागी कोबा फोडून पूर्ण जाडीतला, विशेषतः खालच्या अर्ध्यातला नमुना घेतात. वरचा पापुद्रा घेतलात तर परीक्षा फुकट. नमुना लगेच कुटायचा, कारण उघड्यावर तो वाळतो. सिमेंटच्या कोब्याचे ५० ग्रॅम स्टीलच्या गोळ्या आणि कार्बाइडच्या कुपीसह बाटलीत घालून झाकण लावतात, हलवतात, आणि दहा मिनिटांनी गेज वाचतात. कार्बाइड आणि पाणी मिळून ॲसिटिलीन वायू होतो, त्याच्या दाबावरून ओल कळते. वायू पेट घेणारा आहे, म्हणून बाटली उघड्या हवेत उघडा, जवळ विडी-काडी नको.

खाली हीटिंग असेल तर सिमेंटच्या कोब्याला १.८ टक्के, हीटिंग नसेल तर २.० टक्के ही नेहमीची मर्यादा. भट्टीत वाळवून काढलेला टक्का याहून मोठा येतो, दोन्हींची तुलना करू नका. काही देशांत कोब्यावर झाकण ठेवून त्याखालच्या हवेचा दमटपणा मोजतात, तिथे ७५ टक्क्यांखाली हवा आणि लाकडासाठी त्याहून कमी. फरशी किंवा गोंद बनवणाऱ्याने याहून कडक आकडा दिला असेल तर तोच धरायचा.

नमुन्याच्या जागा कोबा ओतण्याआधीच ठरवाव्या लागतात. त्या जागेभोवती दहा सेंटिमीटरवर एकही नळी नको, आणि वर खुणेची काठी उभी हवी. मागाहून आठवलं तर छिन्नी नळीवर बसण्याचा धोका तुमचा.

प्रश्न : आमचा कोबा अनहायड्राइटचा आहे. वरचं सगळं लागू आहे का?

पायऱ्या त्याच, दोन-तीन फरक आहेत. ओतल्यावर पहिले दोन दिवस वाऱ्यापासून जपा, त्यानंतर मात्र हवा खेळती ठेवा. कोंडून ठेवलेला अनहायड्राइट ओल धरून बसतो आणि ओलाच राहिला तर मऊ पडतो. सातव्या दिवसानंतर हीटिंग लावता येतं. वरची दुधाळ साय घासून काढावी लागते, ती राहिली तर वाळण्यालाही अडथळा आणि गोंदालाही. परीक्षेला १०० ग्रॅम नमुना घ्या. मर्यादा फार कमी आहे, ०.३ ते ०.५ टक्के, कोणती ते फरशीच्या कंपनीकडून लेखी घ्या. या कोब्यावर सिमेंटचा गोंद थेट लावायचा नाही, आधी प्रायमर.

प्रश्न : मोजमाप ठीक आलं. बसवताना हीटिंग बंद ठेवायचं का, आणि कडेची फोमची पट्टी कधी कापायची?

कोबा १५ ते १८ अंशांपर्यंत उतरू द्या, मग बसवा. गरम कोब्यावर गोंद पसरण्याआधीच आवळतो. गोंदाच्या कंपनीने दिलेली मुदत उलटल्याशिवाय पुन्हा चालू करू नका, आणि चालू करताना २५ पासून चढा. कोबा वाळून फरशी लगेच बसणार नसेल तर हीटिंग हलकं चालू ठेवा, नाहीतर दमट हवेत तो पुन्हा ओल घेतो. मग परीक्षाही पुन्हा करावी लागते. वाळवताना कोब्यावर टाइलची खोकी, थर्माकोलचे गठ्ठे, प्लायचे ढीग ठेवलेले असतात. त्यांच्याखालची जागा ओलीच राहते, तेवढे उचलून घ्या.

पट्टी फरशी बसून सांधे भरल्यावर कापायची. आधी कापलीत तर गोंद आणि सांध्याचा मसाला फटीत उतरून भिंतीला चिकटतो, आणि कोब्याला हलायला जी जागा ठेवली होती ती भरून जाते.